प्रदत्त

जेल रोडची मनपा शाळा, खोली क्रमांक तीन.
फळ्यावर परीक्षेआधीचा सुविचार तसाच,
आणि मी केंद्राध्यक्ष, आयुष्यात पहिल्यांदा.
दुपारी दोनला कौतिकबाई निरभवणे आल्या,
तेव्हा यादीत त्या येऊन गेलेल्या होत्या.

अनुक्रमांक सहाशे बारा. नावाखाली लाल रेघ.
नोंदवहीत सही, घाईची, शेपटी ओढलेली.
बाईंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.
"ही मी नाही. मी निरभवणेतला 'ण' असा पाडत नाही."
मग दहाही बोटं टेबलावर ठेवली,
हिशेब मांडावा तशी.
कोरी.

एक प्रतिनिधी म्हणाला, "जाऊ द्या ना मावशी,
एका मतानं काय होतंय?"
दुसरा मोबाइलमध्ये होता, तिथेच राहिला.
मी पुस्तिका उघडली.
प्रशिक्षणात ज्या पानावर मला पेंग आली होती
नेमकं तेच पान.

विचारलं: नवऱ्याचं नाव? घर क्रमांक? समोर कोण राहतं?
"समोर शेजवळ. पण ते सिन्नरला गेलेत,
त्यांचंही कुणी उरकून गेलंय का बघा."
खोलीत कुणी हसलं नाही.
मी मतपत्रिका काढली,
मागच्या बाजूला लिहिलं, प्रदत्त.
प्रदत्त म्हणजे दिलेलं.
घेतलेलं, असं त्या शब्दात कुठे नाही.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र टूंऽऽ करत होतं, लोकांसाठी.
"माझं नाही वाजणार?"
"कागद आहे बाई. कागद वाजत नाही."
त्यांनी मतपत्रिका चिमटीत धरली, कानाशी नेली,
टिचकी मारली.
"वाजतो. एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते, मोजणीला.
हा जरा मऊ आहे. पण वाजतो."

बाणाची फुली मारून, घडी घालून त्या परत आल्या.
मी घडी लिफाफ्यात घातली.
"हे मोजतात ना?"

खोटं बोलता आलं असतं.
रांग दारापर्यंत होती, पंखा बंद होता.
"जपून ठेवतात," मी म्हणालो,
"कुणी कोर्टात गेलं, कोर्टानं मागितलं, तरच उघडतात."

"आमच्याकडे खराब निघालेला तावसुद्धा मोजायचो,"
बाई म्हणाल्या, "फाडायच्या आधी.
एक कमी भरला तर गेट उघडायचं नाही.
एकदा संक्रांतीला रात्री नऊपर्यंत बसलो होतो सगळ्या.
सापडला. टेबलाच्या फटीत."
मग डावा हात पुढे केला.
"शाई तरी लावा."

सहा वाजून गेल्यावर तक्ता भरला.
प्रदत्त मते: आकड्यात १, अक्षरी एक.
लिफाफ्यावर लाख ओतताना अंगठा भाजला.

आणि माझं मत?
ते आठवडाभर आधीच गेलं होतं, टपाली,
सुविधा केंद्रात, डबा खाता खाता.
आतला लिफाफा, बाहेरचा लिफाफा, घोषणापत्र,
त्यावर अधिकाऱ्याची साक्षांकित सही.
बोटाला काही नाही.

मोजणीच्या दिवशी आठ वाजता, अंबडच्या गोदामात
आधी टपाली उघडतात.
टीव्हीवर आकडे धावू लागले
आणि मला आठवेना
घोषणापत्रावर मी तारीख टाकली होती का?
बायकोनं विचारलं, "कोण पुढे?"
मी म्हटलं, "थांब."

महिन्याभरानं बिटकोला, मेथीच्या ढिगापाशी, त्या दिसल्या.
नख वाढलं होतं, शाई अर्ध्यावर सरकलेली.
मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल.
भाजीवाल्यानं दिलेली पन्नासची नोट
त्यांनी उन्हात धरली, टिचकी मारली,
ऐकली,
आणि कमरेला खोचली.